आतामीची आगगाडी आणि तिच्यातल्या बायका

चिटणीसबाईंनी यंदा आग्रहच धरला की, स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे. पाककृती व विणकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे लिहिणे माझ्याकडून व्हावयाचे नाही. परंतु २०२३ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी जपानात पावणेतीन महिने राहण्याचा योग आला, आणि त्या मुक्कामात तिच्या वस्तीतील बायकांच्या मंडळाबरोबर आतामी नावाच्या गावी एक रात्र राहून आले. त्या गावाचा आणि तिकडे जाणाऱ्या आगगाडीचा इतिहास मला इतका नवलाचा वाटला, की तोच सांगावा असे ठरविले. काही तेथे ऐकला. काही बहिणीचे यजमान संध्याकाळी वाचून दाखवीत, तो मी वहीत उतरून घेतला.

आतामी या शब्दाचा अर्थच ‘तापलेला समुद्र’. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळ्यात जशी ऊन पाण्याची कुंडे आहेत, तसे झरे त्या देशात गावोगाव आहेत. त्यांना ते लोक ओन्सेन म्हणतात. आतामी हे त्यांतले फार जुने नाव. पुढे समुद्र, मागे उभा डोंगर, आणि मधल्या उतारावर घरे एकावर एक रचल्यासारखी. तोकियोपासून आगगाडीने अंतर १०४.६ किलोमीटर, मुंबईहून कर्जतला जावे तेवढेच म्हणा ना.

तोकुगावा इएयासु हा तेथील मोठा सत्ताधीश. आपल्या दोन लहान मुलांना घेऊन तो १६०४ साली सात दिवस आतामीस राहिला. त्याच्या नातवाच्या काळापासून तर आतामीचे ऊन पाणी लाकडी पिंपांत भरून, माणसांच्या खांद्यावरून, रात्रंदिवस पळत एदोच्या, म्हणजे आजच्या तोकियोच्या वाड्यात पोहोचविले जाई. आपल्याकडे गंगेच्या कावडी येत, त्या देवासाठी. ही कावड राजाच्या आंघोळीसाठी. पाणी तेथे पोहोचेपर्यंत कितपत ऊन राहत असेल, असा प्रश्न मला पडला. पण पाहिजे म्हटल्यावर पाहिजे, हा मोठ्यांच्या घरचा रिवाज सगळीकडे सारखाच.

गावात ‘ओयु’ म्हणून एक झरा आहे. तो पूर्वी ठराविक वेळाने गर्जना करून उसळत असे. १८६० साली इंग्रजांचे वकील रदरफर्ड अल्कॉक तेथे गेले असता त्यांचा टोबी नावाचा कुत्रा त्या उकळत्या पाण्यात होरपळून मेला. साहेबांनी त्याचा दगड बसविला. तो आजही तेथे आहे. पुढे १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर झरा मंदावत जाऊन बंद पडला, आणि १९६२ पासून तो यंत्राने उसळवतात. आमच्यातल्या सगळ्या बायकांनी त्याच्यासमोर हौसेने छायाचित्र काढून घेतले. यंत्राने का होईना, उसळतो तर खरा.

आता आगगाडीकडे वळते. प्रथम जी गाडी आतामीस आली, तिला आगही नव्हती आणि घोडाही नव्हता. ती माणसे ढकलीत! अमेमिया केइजिरो नावाच्या उद्योगी गृहस्थाने पुढाकार घेऊन ओदावाराहून आतामीपर्यंत अरुंद रूळ टाकविले. १८९५ साली एक तुकडा व १८९६ साली सगळा मार्ग सुरू झाला. लांबी सुमारे २५ किलोमीटर. पेटाऱ्याएवढा लहानसा डबा, आत सहा-आठ माणसे दाटीवाटीने बसलेली, आणि मागून दोन-तीन गडी ढकलणारे. चढ आला की गड्यांचा दम निघे. मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनी खाली उतरून स्वतःच ढकलू लागावे, असा प्रकार. पहिल्या वर्गाचे लोक मात्र आत बसून असत. उतार लागला की गडी फळीवर उडी मारून चढत आणि हाताने गतिरोधक दाबून धरीत. एवढे करून चार तास लागत. १९०७-०८ च्या सुमारास माणसांच्या जागी लहान वाफेचे इंजिन आले, आणि १९२३ च्या भूकंपाने तो मार्गच मोडला. त्या गड्यांची नावे कोणी लिहून ठेवली असतील असे वाटत नाही. अमेमियांचे नाव तेवढे राहिले.

त्याच काळात एका कादंबरीने आतामीचे नाव घरोघर नेले. ओझाकी कोयो यांची ‘कोंजिकी याशा’ ही कादंबरी १८९७ पासून योमिउरी वर्तमानपत्रात क्रमशः येत असे, आणि १९०३ साली लेखक वारल्यामुळे ती अपुरीच राहिली. ‘याशा’ म्हणजे आपलाच ‘यक्ष’ शब्द, बुद्धधर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. आणि ‘कोंजिकी’ म्हणजे सोन्याच्या रंगाचा. गोष्ट अशी की, कानइचि या गरीब विद्यार्थ्याचे ओमिया या मुलीशी ठरलेले असते. पण तिचे लग्न एका श्रीमंताशी होणार असे दिसते. आतामीच्या किनाऱ्यावर चांदण्या रात्री तो तिला लाथेने झिडकारतो. याच प्रसंगाचा पुतळा १९८६ साली किनाऱ्यावर उभा केला आहे. ती खाली पडलेली, तो लाथ उगारलेला! आमच्यातल्या एकीने त्याच्याकडे पाहून तोंड फिरविले आणि काहीतरी पुटपुटली. ‘आधी आईबापांना विचारावे, मुलीला का लाथ?’ असा त्याचा अर्थ मला सांगण्यात आला. हल्ली तेथे पाटी लावली आहे की, हा पुतळा गोष्टीला धरून केलेला आहे, मारहाणीचे समर्थन करण्यासाठी नव्हे. पाटी लावावी लागली, यातच सगळे आले.

खरी आगगाडी आतामीस आली ती १९२५ च्या मार्चमध्ये. परंतु गाव तिचे शेवटचे स्टेशन होते. तोकियोहून ओसाकाकडे जाणारा मुख्य मार्ग त्या वेळी गोतेम्बाच्या घाटातून, डोंगराला वळसा घालून जात असे. तो वळसा वाचविण्यासाठी आतामीच्या मागचा डोंगर पोखरून तान्ना नावाचा बोगदा खणण्याचे काम १९१८ साली सुरू झाले होते. सात वर्षांत पुरे होईल असा अंदाज होता, लागली सोळा. लांबी ७,८०४ मीटर.

भगिनींनो, आपण खंडाळ्याच्या घाटातून जाताना बोगदा आला की मुले ओरडतात आणि आपण हसतो. पण बोगदा खणणाऱ्यांची कथा ऐकली की ते ओरडणे वेगळेच ऐकू येते. १९२१ च्या एप्रिलमध्ये आतामीच्या बाजूचे तोंड ढासळले. सोळा माणसे जागीच गेली. सतरा आत अडकली. बाहेर त्यांच्या बायका दिवसचे दिवस उभ्या. आठव्या दिवशी ती सतराही माणसे जिवंत बाहेर काढली. १९२४ साली पलीकडच्या बाजूने आत पाणी फुटले आणि आणखी सोळा जण गेले. १९३० च्या नोव्हेंबरात भूकंप होऊन डोंगरच असा सरकला, की आतला खणलेला मार्ग एका ठिकाणी दोन मीटरांहून अधिक बाजूला गेला. तरी काम थांबले नाही. १ डिसेंबर १९३४ रोजी पहिली गाडी पार झाली, तोपर्यंत ६७ माणसे कामी आली होती. बोगद्याच्या तोंडाशी त्यांचे स्मारक आहे.

आणि डोंगराच्या वरचे काय? बोगद्याच्या बरोबर माथ्यावर तान्ना नावाचे खोलगट खोरे आहे. तेथे इतके पाणी होते की भातशेती तर होईच, पण वाहत्या थंड पाण्यातच येणारी ‘वासाबी’ म्हणून एक तिखट मुळी असते, तिचेही मळे होते. खाली बोगदा खणू लागले तसे वरचे पाणी झिरपून खाली येऊ लागले. जवळच्या आशी सरोवराच्या तिप्पट पाणी वाहून गेले, असे सांगतात. झरे आटले, विहिरी आटल्या, वासाबी गेली, भात गेले. गावकऱ्यांनी पुष्कळ तक्रारी केल्या. नुकसानभरपाई मिळाली, पण पाणी ते पाणीच. शेवटी त्या लोकांनी गाई पाळल्या. आज तान्नाचे दूध त्या भागात नावाजलेले आहे. मी ते बाटलीतून प्याले, चांगले दाट आहे. पण भरपाईच्या हिशेबात दोन कोसांवरून घागर आणणाऱ्या बाईचे श्रम कोणी धरले असतील का, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. आपल्यापैकी ज्या दुष्काळी भागातून आल्या आहेत, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

बोगदा झाल्यावर आतामी मुख्य मार्गावर आले आणि त्याचे भाग्य उघडले. युद्धाचा काळ गेला; १९५० च्या एप्रिलमध्ये गावाला मोठी आग लागून सुमारे हजार घरे जळाली; पण गाव पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षी नारिंगी व हिरव्या रंगाच्या विजेच्या गाड्या तोकियोहून सुरू झाल्या. त्या भागातील संत्री आणि त्यांची पाने यांचा तो रंग, असे लोक म्हणू लागले. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की सगळी कचेरीच्या कचेरी आगगाडीत बसून आतामीस जाई. रविवारी रात्री परत. कारखाने, दुकाने, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, सगळ्यांच्या सहली. नवी लग्न झालेली जोडपीही तिकडेच जात. १९६० च्या दशकाच्या शेवटी वर्षाला पन्नास लाखांच्या वर माणसे मुक्काम करीत असत.

अशा ठोक सहलींची रीत मात्र त्याहून जुनी. कुसात्सु स्टेशनावर जेवणाचे डबे विकणाऱ्या घराण्यातील मिनामि शिन्सुके यांनी १९०५ साली यात्रेकरूंचे जथे आगगाडीने नेण्यास सुरुवात केली, आणि १९०८ साली तर सबंध गाडीच भाड्याने घेऊन झेंकोजीच्या देवळाला माणसे नेली. आपल्याकडे पंढरीची वारी पायी, त्यांची रुळावरून. पुढे देव मागे पडला आणि ऊन पाणी व जेवणावळ पुढे आली, एवढाच फरक. १९६० नंतर तातामी, म्हणजे गवताच्या चटया घातलेले बैठकीचे डबे निघाले. चपला दाराशी काढावयाच्या, मांडी घालून बसावयाचे, गाणी म्हणत जावयाचे. आमच्यातल्या चौघीजणी त्यांतून गेलेल्या होत्या. आता असे डबे बहुतेक मोडीत निघाले.

त्या सहली बहुतांशी पुरुषांच्या असत, हे सांगितलेच पाहिजे. बायका होत्या, पण ताटे उचलणाऱ्या. बायकांनी बायकांसह फिरावयास जाणे वाढले ते १९७० नंतर. त्या साली रेल्वेने ‘डिस्कव्हर जपान’ या नावाने जाहिराती सुरू केल्या, आणि तरुण मुली मासिके हातात घेऊन निघाल्या. १९८१ साली नवराबायकोच्या वयाची बेरीज ८८ भरली तर सवलतीचा पास मिळू लागला. आणि १९८३ साली तीस वर्षांवरील बायकांच्या गटांसाठी वेगळा पास निघाला. घरातून चार दिवस मोकळे होण्याला रेल्वेने तिकीटच छापून दिले म्हणावयाचे! दोन्ही पास आता बंद झाले आहेत.

आता आमच्या गाडीविषयी. त्या मंडळात आम्ही तेवीसजणी. त्यांतील शेजारच्या एक पुण्याच्या बाई जपानी उत्तम बोलतात, त्याच माझे कान आणि जीभ. जलद शिंकान्सेनने पाऊण तासात पोहोचता येते. पण म्हाताऱ्यांनी ठरविले की पूर्वीसारखे साध्या गाडीनेच जावयाचे, दोन तास लागले तरी चालतील. ‘पाऊण तासात गप्पा काय होणार?’ हे त्यांचे म्हणणे मला तर पुरेपूर पटले. ओदावाराला गोठवलेली संत्री घेतली. ती तेथे १९५५ पासून विकतात. दातांना कळ लागते, पण चव विसरत नाही. माझ्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी तेवीसजणींत फिरली आणि डबा रिकामा परत आला.

पुढे नेबुकावा स्टेशन लागते. अगदी समुद्रावर, कड्याला चिकटून. तेथे गाडी थांबताच गप्पा आपोआप बंद झाल्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी भूकंपाच्या वेळी नुकतीच येत असलेली गाडी डोंगराच्या मातीबरोबर या स्टेशनातून समुद्रात गेली आणि शंभरावर माणसे बुडाली. दोघी-तिघींनी हात जोडले. मीही जोडले.

माझ्या शेजारी ज्या बसल्या होत्या, त्यांना मी मनातून मावशी म्हणे. वय ७४. उत्तरेकडील आओमोरीच्या शेतकरी घरातल्या. त्या काळी शाळा सुटलेल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना शहरात कामाला नेण्यासाठी खास आगगाड्या सुटत. १९५४ पासून १९७५ पर्यंत त्या चालल्या. अशा मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. मावशी १९६४ च्या वसंतात त्यातल्या एका गाडीने रात्रभर बसून उएनो स्टेशनावर उतरल्या, आणि तेथून आतामीच्या एका मोठ्या उतारूगृहात कामाला लागल्या. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शिंकान्सेन सुरू झाली. मालकाच्या सांगण्यावरून त्या निशाण धरून स्टेशनावर उभ्या होत्या.

शनिवारी दोन-दोनशे पाहुणे येत. चार मजले, जिना अरुंद, आणि एकावर एक रचलेली जेवणाची ताटे हातात. जेवणे झाली की गाद्या घालावयाच्या. पहाटे उठून त्या गुंडाळावयाच्या. पाहुण्यांच्या थट्टा सोसावयाच्या, आणि तोंडावर हसू ठेवावयाचे. गावाला आंघोळीसाठी देशभरातून माणसे येत. पण या मुलींना न्हाणीघर मिळे ते मध्यरात्रीनंतर, सगळे झोपल्यावर, आणि तेव्हाही न्हाणी घासून झाल्यावर. सहा वर्षे अशी काढून लग्न झाले आणि त्या तोकियोत आल्या. दर महिन्याला घरी पैसे पाठवीत असत. धाकटा भाऊ त्यांवर शिकला. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. संत्र्याची साल एकसंध सोलीत सांगितले.

आतामीस उतरल्यावर त्या आम्हाला ती जागा दाखविण्यास घेऊन गेल्या. उतारूगृह नाही. तेथे उंच सदनिकांची इमारत. कारण गावाचे दिवस पुढे फिरले होते. मोठ्या उतारूगृहांनी आपल्या आतच दुकाने, करमणूक, सर्व काही केले. पाहुणे बाहेर पडेनासे झाले, तशी गावातली दुकाने वाळली. १९९० नंतर देशात मंदी आली, कचेऱ्यांच्या सहली बंद पडल्या, आणि उतारूगृहेही गेली. २००६ साली नगरपालिकेनेच आर्थिक संकट जाहीर केले. २०११ पर्यंत मुक्कामाचे पाहुणे पंचवीस लाखांच्या आत आले. त्यानंतर गावातल्या तरुणांनी रिकाम्या दुकानांतून नवे उद्योग काढले, आणि तरुण मंडळी पुन्हा येऊ लागली. २०२१ च्या जुलैमध्ये गावाच्या इझुसान भागात डोंगराची माती घसरून २८ माणसे गेली. ती उघडी पडलेली घळ मावशींनी दुरूनच दाखविली.

मावशी त्या इमारतीपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या, जिना कोणत्या बाजूला होता ते हाताने दाखविले, आणि म्हणाल्या, “उद्वाहक असता तर गुडघे राहिले असते.” एवढेच. मग आम्ही आमच्या मुक्कामी गेलो.

न्हाणीविषयी सर्वजणी विचारतील, म्हणून लिहिते. तेथे आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ व्हावयाचे व मगच कुंडात उतरावयाचे. आणि कुंडात वस्त्र नेणे हा मोठा अनाचार. आपण कुंडात लुगड्यासकट उतरणाऱ्या! मी काय केले ते येथे छापावयाचे नाही, समक्ष विचारा. एवढे सांगते की पाणी खारट असते, आणि पाठदुखी दोन दिवस गेली होती.

रात्री जेवण वाढावयास एक चुणचुणीत मुलगी आली. ती नेपाळची निघाली, आणि तिच्याशी मला हिंदीत बोलता आले. महिनाभराच्या जपानी कानांना ते फार गोड वाटले. ती घरी पैसे पाठवते, धाकटी बहीण शिकते आहे. मी हे मावशींना सांगवले. त्यांनी तिला जवळ बसवून विचारले ते असे : मजले किती, उद्वाहक आहे का, आंघोळ किती वाजता मिळते? तिने सांगितले, उद्वाहक आहे, आणि नोकरांची न्हाणी निराळी आहे. मावशींनी मान हलविली. जेवण झाल्यावर त्या उठल्या आणि आमच्या तेवीसजणींची ताटे-वाट्या आकारमानाने वेगवेगळ्या रचू लागल्या. मुलगी नको नको म्हणत होती. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “आज तुम्ही पाहुण्या आहात.” मावशी म्हणाल्या, “म्हणूनच माझ्या मर्जीने करते आहे.” मग आणखी चौघीजणी उठल्या. रचण्याची रीत मात्र त्यांनी कोणाला मोडू दिली नाही. मोठे खाली, झाकणे निराळी, काचेचे शेवटी.

या सहलीसाठी त्या बायका दोन वर्षे महिन्याला ठराविक रक्कम बाजूला टाकीत होत्या, आपल्या भिशीसारखी. परतीच्या गाडीत, योकोहामा येण्याच्या आधी, खजिनदारबाईंनी वही काढली, तिकिटे, मुक्काम, फळे, वाढणाऱ्या मुलीला दिलेले पाकीट असा सगळा हिशेब मोठ्याने वाचला, आणि उरलेले प्रत्येकीचे ३४० येन छोट्या पाकिटात घालून हातात दिले. मी पाहुणी, तरी मलाही दिले.